घोंगडीवर भरलेली पहिली सभा

आमचं चर्च म्हणजे पूर्वीचं हळदीचं गोदाम. हिंगोलीच्या मोंढ्यामागे, म्हणजे धान्यबाजारामागे, अशी गोदामं ओळीनं आहेत. त्यातलं एक आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, भाड्यानं घेतलं, भिंतींना चुना दिला, पत्र्याला आतून पांढरं कापड ताणलं आणि समोर लाकडी मंच केला. पण फरशीच्या सांध्यांत हळद राहिलीच. कितीही धुतलं तरी राहिली. आमच्याकडे बायका उपासनेला पांढरं नेसून, दागिने उतरवून येत आणि खाली सतरंजीवर बसत. घरी जाताना प्रत्येकीच्या पदराचा नाहीतर निऱ्यांचा काठ पिवळा झालेला असे. आई रविवारी दुपारी ती साडी भिजवायची. साबण लागला की हळद लाल होते. बादलीत तो लाल पट्टा वर येताना मी दर रविवारी पाहिला आहे. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारत, "नवरा धडधाकट असताना हे काय पांढरं नेसून राहिल्या तुमी?" आई म्हणायची, "पांढऱ्यात ऊन लागत न्हाई." एवढंच. आमच्या घरात कुणालाही याहून जास्त बोलण्याची सवय नव्हती.

शेजारच्या गोदामात हळद पॉलिश करायचा ड्रम होता. हंगामात तो रविवारीही चाले. मोठ्या डब्यात खडे घालून कुणीतरी न थकता हलवत बसावं, तसा आवाज. प्रार्थना त्या आवाजावरच व्हायची. मी आता नांदेडला राहते आणि एका कंपनीसाठी घरबसल्या भाषांतरं करते. कामात फार शांतता झाली तर मला लक्ष लागत नाही. मग मी मिक्सर चालू ठेवते. यात विनोद नाही, खरंच ठेवते.

चर्चमध्ये आम्ही कसे गेलो हे सांगायचं तर सारामावशीपासून सांगावं लागेल. मी आठवीत असताना मला भाऊ झाला आणि अकराव्या दिवशी गेला. त्यानंतर आई उठली नाही. आजारी नव्हती, फक्त उठत नव्हती. पप्पा सरकारी कचेरीत कारकून होते. ते सकाळी खिचडी लावून जात, संध्याकाळी येऊन तीच गरम करत. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी बाई राहायची, शेळी पाळायची. एक दिवस ती आली, मोरीत बसून सगळी भांडी घासली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. असे पंधरावीस दिवस. देवाचं नाव नाही, समजूत नाही, काही नाही. एका सकाळी आई उठून तिच्याशेजारी मोरीत बसली आणि विसळायला लागली. त्यानंतर जो पहिला रविवार आला, त्या रविवारी आई तिच्याबरोबर गोदामात गेली. पप्पा आडवे आले नाहीत. ते स्वतः कधीच आत आले नाहीत, पण आम्हाला स्कूटरवर सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसायचे.

सारामावशी मूळची सेनगावकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिचं जन्माचं नाव सरूबाई. लग्न झालं, नवरा वर्षभरात वारला, आणि बांधकामावर जाणाऱ्या बायकांबरोबर ती हैदराबादला गेली. सारा हे नाव तिला तिथं मिळालं. तिच्या शेळीचं नाव मार्था होतं. "सारखी कुरकुर करती, म्हणून मार्था," ती म्हणायची. "पवित्र शास्त्रातली मार्था बी अशीच. समदी कामं मीच करू का म्हून प्रभूला इचारती." मार्थाच्या दुधाचा चहा दाट आणि थोडा उग्र असे. मी शाळेतून येताना तिच्याकडे थांबायची, कारण तिथं मला कुणी काही विचारत नसे. शाळेत मी न बोलणारी मुलगी होते. बाईंनी नाव घेतलं तर उत्तर येत असूनही उभी राहून खाली बघायची. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती, म्हणजे मी दोन भाषांमध्ये गप्प बसू शकत होते.

आणि तरीही मी दुभाषी झाले. हिंगोलीची मंडळी ही हैदराबादच्या एका मोठ्या मंडळीची शाखा होती. दरवर्षी तिथले मोठे पास्टर तीन दिवसांच्या सभांसाठी येत. ते मूळ पास्टरांचे, म्हणजे ज्यांनी मंडळी सुरू केली त्यांचे, जावई. बरीच वर्षं आखाती देशात राहून आलेले, उपदेश इंग्रजीत करणारे. हिंदीत त्यांना 'अच्छा' आणि 'पानी' एवढंच येई. आधी जो दुभाषी होता त्याला औरंगाबादला नोकरी लागली. तेव्हा आमच्या इथल्या पास्टरांनी (ते एसटी डेपोत मेकॅनिक होते, आम्ही त्यांना पास्टर अंकल म्हणत असू) आईला विचारलं, "पोरगी विंग्रजी शिकून राहिली ना? मंग प्रभूला कामी येऊ द्या की." मला कुणी विचारलं नाही. मोठे पास्टर एक वाक्य बोलत, थांबत, मग मी ते मराठीत सांगायचं. मंचावर त्यांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे. माझ्या हातात दुसरा माईक. मला वाटलं होतं, आवाजच फुटणार नाही. पण झालं उलटं. आवाज सरळ निघाला. ते वाक्य माझं नव्हतं. मी फक्त एका बाजूनं घेऊन दुसऱ्या बाजूला ठेवत होते, भांडी विसळून पालथी घालावीत तसं.

पहिल्याच वर्षी ते आपली साक्ष, म्हणजे प्रभूकडे येण्याआधी आपण कसे होतो ते, सांगत होते. दुभाष्यानं 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. त्यामुळे मी, तेरा वर्षांच्या मुलीनं, कर्ण्यातून सगळ्या मोंढ्याला सांगितलं, "मी रोज दारू प्यायचो. मी माझ्या बायकोला मारायचो. मी एका रात्रीत पगार उडवला." टपरीवाल्यानं पप्पांपुढे चहाचा ग्लास ठेवला आणि म्हणाला, "साहेब, तुमची पोरगी काय म्हणून राहिली?" पप्पा म्हणाले, "सुधरली आता." हा आमच्या घरातला एकमेव विनोद. तो बरीच वर्षं पुरला.

सभांमध्ये मोठे पास्टर दरवर्षी मूळ मंडळीचा इतिहास सांगत. तो मला पाठ झाला होता. मूळ पास्टर केरळातून रेल्वेनं हैदराबादला आले. हातात एक छत्री आणि एक बायबल. ओळखीचं कुणी नाही. तीन घरांतून त्यांना बाहेर काढलं. मग शहराबाहेरच्या एका टेकडीवर, एका बंधूच्या घरी, पहिली सभा भरली. मग पत्र्याची शेड. शेड वाऱ्यानं उडाली. परत उभारली. मग जागा, मग इमारत, मग आत्ताचं ते भलंमोठं सभागृह, जिथं आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा म्हणून खांबाखांबावर कर्णे लावले आहेत. लोक शेडपाशी रडत आणि सभागृहापाशी टाळ्या वाजवत. मी दोन्ही वेळा पुढचं वाक्य ऐकत असे.

'एका बंधूच्या घरी' हे खरं नव्हतं, हे मला सारामावशीकडून कळलं. मी दहावीत होते. त्या वर्षी मूळ मंडळीचा मोठा वर्धापनदिन होता, त्यानिमित्त इतिहासाचं पुस्तक छापायचं होतं, आणि त्यासाठी शाखाशाखांतून फोटो गोळा केले जात होते. सभा शुक्रवारपासून सुरू व्हायच्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी मावशीनं मला चहा दिला आणि पेटी उघडली. तळातून एक काळी घोंगडी काढली. जाड, कडेला तांबडा दोरा, एका कोपऱ्याला जळाल्याचं भोक.

"ही मपल्या बापानं इणलेली," ती म्हणाली. "हैदराबादला जाताना हीच घिऊन गेले. टेकडीवर मपली खोली व्हती. कोन्या बंधूची न्हाई. त्या पास्टरला समद्यांनी हाकललं, मंग म्या म्हनलं, या, बसा. बसायला काई न्हाई, तं ही अंथरली. सात मान्सं बसली. टोचती म्हून एक जन उभा राह्यला, आन् त्याच्याच हातातल्या चिमनीनं हे भोक पडलं."

"मग ते बंधू कोण?"

"बंधू कुटलं. म्याच की."

मग तिनं बाकीचं सांगितलं. तिला भांडी घासताना बोलायची सवय होती, म्हणून ती कप धूत धूत बोलली. मंडळी सुरू झाल्यावर चारपाच वर्षांनी गावाकडून निरोप आला की बापाचं शेवटचं आहे. ती गेली. गावात देवाला बोकड कापलेला होता. बापानं स्वतःच्या हातानं तिच्या ताटात वाढलं. मूर्तीपुढे ठेवलेलं खायचं नाही, हा मंडळीचा नियम. ती जेवली. परत आल्यावर कुणाला काही माहीत नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. पण साक्षीच्या वेळी ती उभी राहिली आणि सगळ्यांपुढे सांगितलं. मूळ पास्टरांनी तिला सांगितलं की चूक झाली असं म्हण. ती म्हणाली, नियम मोडला हे खरं, पण बापाच्या हातचं खाल्लं ती चूक म्हणता येत नाही. तेव्हापासून तिला प्रभुभोजन बंद झालं. पुढे ती हिंगोलीला आली, तर तिच्यामागून बंदीचं पत्रही आलं. मूळ पास्टर वारले. बंदी उठवायची राहून गेली.

हे मी पाहिलेलं होतं, फक्त त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. महिन्याच्या पहिल्या रविवारी, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, आमच्याकडे प्रभुभोजन असे. बिनखमिराच्या भाकरीचे तुकडे ताटात, आणि मनुका भिजवून काढलेला रस छोट्या छोट्या कपांत. ताट एकाकडून दुसऱ्याकडे सरके. मावशी नेहमी सगळ्यात मागे, दाराजवळ बसायची. ताट आलं की दोन्ही हातांनी घ्यायची आणि तसंच पुढे द्यायची. शेवटी ते सगळे कप तीच धुवायची. मला वाटायचं, तिला मनुका आवडत नसतील.

"मोठ्या पास्टरला तू विंग्रजीत सांग," ती म्हणाली. "मपलं नाव पुस्तकात नको. फोटू बी नको. फकस्त मरायच्या आंदी एक बार ताटावर बसू द्या म्हनावं. रविवारी हायेच प्रभुभोजन. बराबर सांगशील ना?"

मी हो म्हटलं.

शुक्रवारी दुपारी मोठे पास्टर पास्टर अंकलच्या घरी जेवले. भात, तुरीचं वरण, त्यांच्यासाठी तिखट न घातलेली वांग्याची भाजी. मी वाढायला होते. मी मनात वाक्य तयार केलं होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट. दोनदा त्यांच्या पानाजवळ गेले. दुसऱ्यांदा त्यांनी वर पाहिलं आणि प्रेमानं विचारलं, "बेटी, तुला काही सांगायचंय?" म्हणजे ते इंग्रजीत 'डॉटर' म्हणत. मी म्हणाले, "दही वाढू, सर?" शनिवारी सकाळी ते एकटेच ओट्यावर बायबल वाचत बसले होते. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथंच उभी राहिले. त्यांनी पान उलटलं. मी आत आले. शनिवारी संध्याकाळच्या सभेनंतर मावशी दारात थांबली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "उद्या." मला भीती वाटत होती असं लिहिलं तर ते बरोबर होणार नाही. काहीच वाटत नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं, पण ते कुणीतरी आधी बोलायला हवं होतं, म्हणजे मी ते सांगितलं असतं.

रविवारी गोदाम भरलं होतं. कळमनुरीहून दोन जीप आल्या होत्या. शेजारी ड्रम चालू होता. मंचाच्या कडेला पांढऱ्या कापडाखाली प्रभुभोजनाचं ताट झाकून ठेवलं होतं. मोठे पास्टर इतिहास सांगू लागले. छत्री, बायबल, तीन घरं. ते म्हणाले, टेकडीवर एका बंधूनं त्यांना घर दिलं. मी म्हणाले, "टेकडीवर एका बंधूनं त्यांना घर दिलं." दाराजवळ मावशी मान खाली घालून बसली होती. ते म्हणाले, त्या रात्री त्या घरात पवित्र आत्मा उतरला. मी म्हणाले, "त्या रात्री त्या घरात पवित्र आत्मा उतरला." मग त्यांनी डोळे मिटले, हात वर केले आणि ते अन्य भाषेत बोलू लागले.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या मंडळीत प्रार्थना रंगली की माणसं अशा शब्दांत बोलू लागतात, जे कुठल्याच ओळखीच्या भाषेतले नसतात. ती आत्म्यानं दिलेली भाषा असं आम्ही मानतो. दुभाष्यानं अशा वेळी माईक खाली घ्यायचा आणि गप्प उभं राहायचं. तिचा अर्थ शाळेत शिकून येत नाही. तो कधीतरी कुणाला तरी दिला जातो, आणि तो जो बोलतो तो देवाचा शब्द समजला जातो. हे मला पक्कं माहीत होतं. तीन वर्षं मी दर वेळी माईक खाली घेतला होता.

त्या दिवशी घेतला नाही. का, ते मी आजवर शोधत आले आहे. तीन दिवसांत त्यांचा श्वास आणि माझा आवाज यांची एक लय बसली होती. ते थांबले की मी बोलत होते. ते त्या भाषेत बोलले आणि श्वास घ्यायला थांबले. आणि मी बोलले, "त्या टेकडीवर घोंगडी अंथरणारी बाई इथं बसली आहे." ते परत बोलले, थांबले. मी म्हणाले, "तिनं बापाच्या हातचं खाल्लं." ते बोलले, थांबले. मी म्हणाले, "तिला माझ्या ताटावरून उठवू नका."

माझ्या. मी नेहमी बोलणाऱ्याचा 'मी' वापरायची, तसाच वापरला. आवाज कर्ण्यातून बाहेर गेला, पत्र्याला लागून परत आला, तेव्हा मला कळलं की कोण बोलल्यासारखं झालं आहे.

 मग सगळं गोदाम उठलं. हालेलुया, प्रभूची स्तुती असो, बायका रडू लागल्या, कळमनुरीच्या एका म्हाताऱ्यानं जमिनीला कपाळ टेकलं. पास्टर अंकलना मावशीची गोष्ट माहीत होती. पत्र त्यांच्याच कपाटात होतं. ते हमसून हमसून रडत म्हणाले, "आत्म्यानं अर्थ दिला! लेकराच्या तोंडून दिला! साराबाई, या, पुढं या!" आईनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. मोठ्या पास्टरांनी डोळे उघडले आणि काय झालं ते त्यांना कळेना. मी सरळ उभी होते.  आणि मनात एक गोष्ट अगदी स्पष्ट होती. काम झालं. आता मी गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला येत होतं.

मावशी उठली. लोकांनी तिला वाट करून दिली, पण ती पुढे आली नाही. होती तिथंच, दाराला हात लावून उभी राहिली.

"हे आत्म्याचं न्हाई," ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं मोठ्यानं म्हटलं, "आवो, गप ऱ्हावा जरा! हे आत्म्याचं न्हाई. हे म्या सांगितलं या लेकराला. गुरुवारी. मपल्या घरी, च्या पिताना. लेकराची काई चूक न्हाई, तिच्यावर म्याच वझं टाकलं. पर देवाच्या नावानं खोटं नका घिऊ."

हळूहळू आवाज बसला. मोठे पास्टर माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "त्या काय म्हणतात?" तेव्हा मी सांगितलं. नेहमीसारखं, शब्दाला शब्द, मी-पणासकट. मी इंग्रजीत म्हणाले, "हे आत्म्याचं नाही. हे मी या मुलीला सांगितलं. गुरुवारी, माझ्या घरी, चहा पिताना. मुलीची काही चूक नाही, तिच्यावर मीच ओझं टाकलं. पण देवाच्या नावानं खोटं घेऊ नका." एक शब्द गाळला नाही. माझं भाषांतर त्या दिवसाइतकं चोख पुन्हा कधी झालं नाही.

त्यांनी मला विचारलं, "हे खरं आहे?"

हे वाक्य भाषांतरासाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं. मी म्हणाले, "हो." आणि त्यानंतर जागा होती. ते वाट बघत होते, वाईट माणूस नव्हते ते. मी पुढे म्हणू शकले असते की सर, हिची एक विनंती आहे. ते तयार केलेलं वाक्य, व्याकरणासकट, तिथंच होतं. ते बहुधा तीनचार श्वास थांबले असतील. ड्रममधली हळद फिरत होती. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "त्यांना बसायला सांग." मी माईक वर घेतला आणि म्हणाले, "बसा."

मावशी बसली.

मग प्रभुभोजन झालं. ताट माझ्यापर्यंत आलं. सगळे बघत होते, म्हणून मी तुकडा घेतला. चव लागली नाही. मी वळून मागे पाहिलं नाही, पण मला माहीत आहे तिनं काय केलं, कारण ते मी अनेकदा पाहिलेलं होतं. दोन्ही हातांनी घेतलं आणि पुढे दिलं. उपासना संपल्यावर ती नळाखाली कप धूत होती.

पप्पांनी सगळं टपरीवर ऐकलं होतं. स्कूटर मोंढ्याबाहेर आली. मग मान न वळवता म्हणाले, "ती मधली तीन वाक्यं तुझी होती ना?" मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" ते म्हणाले, "आवाज वेगळा होता." आई मागे बसली होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मग तिनं मला दळण आणायला सांगितलं, म्हणजे संपलं. पुढच्या वर्षी मोठ्या पास्टरांबरोबर नांदेडचा एक दुभाषी आला. मला कुणी काढलं नाही. बोलावलं नाही इतकंच.

मी मावशीकडे आठवड्यानं गेले. ती मार्थाचं दूध काढत होती. मार्था पाय झाडत होती.

"आली का. बस. च्या ठिवते."

मी म्हणाले, "मावशी, मी त्यांना सांगितलं नाही. शेवटी वेळ होता. तरी सांगितलं नाही."

"म्हाईत हाय मला."

"राग आला?"

"राग काहून यीन?" तिनं शेळीच्या पाठीवर थाप मारली. "हूब ऱ्हा गं भवाने. तुला इचारलं खरं का, तं तू व्हय म्हनलीस. तेवढं पुरं. मला जेवायचं व्हतं लेकरा, पर चोरून न्हाई."

त्या दिवशी तिनं चहात साखर जास्त घातली होती. एवढंच मला आठवतं. त्यापुढे आम्ही त्याविषयी कधी बोललो नाही.

मी बारावी होऊन नांदेडला गेले, त्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. पुढचं आईकडून कळलेलं. एका रविवारी पास्टर अंकल डब्यात भाकरीचा तुकडा आणि एक कप घेऊन तिच्या घरी गेले. आई तिथंच बसली होती. मावशीनं डबा पाहिला आणि विचारलं, "हैदराबादला इचारलं का?" अंकल म्हणाले, "पत्र धाडलंय. उत्तर यायचंय." ती म्हणाली, "मंग ठिवा. उत्तर येऊ द्या." अंकल तिला समजावत राहिले. ते ओरडलेही म्हणे, "आवो साराबाई, मीच देतो म्हनतो ना!" ती म्हणाली, "तुमाला तकलीफ व्हईन उद्या. ठिवा." तो कप तीन दिवस तिच्या उशाशी झाकून होता. चौथ्या दिवशी मावशी गेली, आणि आईनंच तो धुतला. उत्तर आलं की नाही मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

इतिहासाचं पुस्तक मात्र आलं होतं. इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर. मी ते बरीच वर्षं उघडलं नाही. गेल्या महिन्यात पास्टर अंकलचा फोन आला. आता ते थकले आहेत, पण आवाज तसाच. म्हणाले, "बाई, पुस्तक मराठीत करायचंय. तुझ्यासारखं कोन करीन?" मी पैसे घेणार नाही म्हणाले आणि काम घेतलं. टेकडीवरच्या प्रकरणात बंधू आहेत. तसेच ठेवले. शेवटी शाखांची माहिती आहे, आणि हिंगोलीच्या परिच्छेदात एक वाक्य आहे: 'येथील सभेत एका लहान मुलीला अन्य भाषेचा अर्थ सांगण्याचे दान मिळाले व सर्व मंडळी आनंदित झाली.' मावशी उठून काय म्हणाली ते नाही. कुणी ते मुद्दाम गाळून लिहून पाठवलं असेल, की ऐकणाऱ्यांना अर्धंच आठवलं असेल, सांगता येत नाही. वाक्यापाशी मी दोन दिवस थांबले. मग जसंच्या तसं मराठीत केलं. भाषांतरकारानं भर घालायची नसते. भर मी इथं घातली आहे.

भाषांतराचे कागद द्यायला मागच्या रविवारी हिंगोलीला गेले होते. आई आता मुलांची संडे स्कूल घेते. सतरंजी फाटली म्हणून तिनं मुलांना बसायला पेटीतली घोंगडी अंथरली होती. मावशीनं जाण्याआधी ती आईला दिली होती. तांबडा दोरा निघाला आहे, भोक तसंच आहे. दहाबारा लेकरं पाय दुमडून बिस्किटं खात होती. एक मुलगी सारखी उठत होती.

"टीचर, टोचतंय हे," ती म्हणाली.

"टोचणारच," आई म्हणाली. "जुनी हाय ती. बस गुमान."

ती बसली. मी कागद अंकलच्या टेबलावर ठेवले आणि बाहेर येऊन चपला घातल्या. पप्पा टपरीवर पेपर वाचत होते.